घरी बनवलेल्या स्लूसमधून सोनं वाहून जातंय? हातोडी उचलण्याआधी पाणी तपासा

न्यूझीलंडच्या ओटागो भागात, ॲरो नदीच्या काठी, उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी घरी बनवलेले स्लूस, म्हणजे वाहत्या पाण्यात माती धुऊन सोन्याचे कण अडवणारे बॉक्स, घेऊन आलेली माणसं दिसतात. त्यांत आपली मराठी मंडळीही असतात. प्लायवूडची किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची मीटरभर लांबीची पन्हळ, तिच्या तळाला मॅट, वर आडव्या पट्ट्या म्हणजे रिफल, एवढाच तो सगळा प्रकार. आणि तक्रारही ठरलेली: दिवसभर फावडं चालवलं, हाती काही लागलं नाही. असे बॉक्स मी वारंवार मार्गी लावले आहेत. दोष बहुतेक वेळा बॉक्समध्ये नसतोच, तो पाण्यात कसा ठेवलाय यात असतो. तरीही माणसं आधी रिफल उचकटतात आणि चांगला चालू शकणारा बॉक्स खराब करून बसतात. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटच्या तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, मोडतोड सगळ्यात शेवटी.

लक्षणं

तुमचं नेमकं काय होतंय ते आधी ओळखा:

- त्याच खड्ड्यातली माती पॅनमध्ये, म्हणजे सोनं धुण्याच्या पसरट थाळीत, धुतली की कण दिसतात, स्लूसमध्ये मात्र काही नाही.
- रिफलच्या मागे वाळू इतकी घट्ट बसते की बोट रुतत नाही.
- याच्या नेमकं उलट: रिफलच्या मागे काहीच टिकत नाही, मॅट स्वच्छ धुतलेलं दिसतं.
- सोनं सापडतं, पण सगळ्यात खालच्या दोन-तीन रिफलांत.
- एका बाजूला वाळूचा ढीग आणि दुसरी बाजू रिकामी.
- अगदी बारीक कण पाण्यावर तरंगत निघून जाताना दिसतात.
- मॅट उचललं की त्याच्याखाली काळी वाळू साचलेली असते.

रिफल नक्की काय करतं

हे समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांमागचं कारण कळतं. रिफल म्हणजे सोनं अडवणारा बांध, असा समज आहे. खरं काम पट्टीच्या मागे होतं. पाणी रिफलवरून उडी मारून पुढे जातं तेव्हा पट्टीच्या पाठीशी एक छोटा भोवरा तयार होतो. तो तिथली वाळू सतत उचलून ढवळत राहतो. हलकी वाळू वर येते आणि प्रवाहाबरोबर निघून जाते, जड कण तळाशी बसतात. शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट आणि गारगोटीची २.६५ पट. दोन्ही पाण्यात बुडालेले असताना पाण्याचा उचल वजा केला तर त्याच आकाराच्या गारगोटीच्या कणापेक्षा सोन्याचा कण साधारण ११ पट जड ठरतो. निसर्गाने इतका मोठा फरक दिलेला असताना सोनं निसटत असेल, तर एकच अर्थ निघतो. तो भोवरा एकतर मेलाय किंवा माजलाय. वाळू घट्ट बसली तर तो मेला. मॅट स्वच्छ धुतलं गेलं तर माजला.

तपासणी १: जे चमकतंय ते सोनं आहे का?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. ओटागोचा कातळ शिस्ट जातीचा, अभ्रकाने भरलेला. अभ्रकाचे पिवळसर पापुद्रे उन्हात सोन्यासारखे लखलखतात आणि पाण्यात सहज तरंगत जातात. “सोनं वाहून जातंय” ही तक्रार पुष्कळदा या अभ्रकाचीच असते. पॅन सावलीत धरा. सोनं सावलीतही त्याच रंगाचं दिसतं, अभ्रक विझतो. पॅन हलवून बघा, सोनं तळाशी चिकटून मागे राहतं. सुईच्या टोकाने दाबलं तर सोनं दबतं, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात.

तपासणी २: मातीत सोनं आहे का आणि बाहेर किती पडतंय?

ही तपासणी टाळू नका. एक बादली माती स्लूसमध्ये न टाकता हाताने पॅन करा आणि कण मोजा. मग तेवढीच माती स्लूसमधून सोडा. खालच्या टोकाशी दुसरी बादली किंवा टब धरून बाहेर पडणारा माल पकडा आणि तोही पॅन करा. मातीतच काही नसेल तर जगातला कुठलाही बॉक्स सोनं देणार नाही. मग जागा बदला: कातळाच्या भेगा, मोठ्या दगडांच्या खालची बाजू, वळणाची आतली कड. बाहेर पडलेल्या मालात कण दिसले तर मात्र दोष सिद्ध झाला. तो आकडा लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी पुन्हा करायची आहे. एका वेळी एकच बदल करा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

पॅन करण्याचा हात बसलेला नसेल तर आधी तो बसवा. सराफ कट्ट्यातली धूळमाती धुऊन सोन्याचे कण वेगळे करणारे आपल्याकडचे झारेकरी हेच कसब पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत. हलकं वर आणायचं, जड खाली ठेवायचं, घाई करायची नाही.

स्लूसमधून सोनं निसटणं ही काही आजची गोष्ट नाही. ॲरो नदीवर १८६२ साली सोन्यासाठी झुंबड उडाली. काही वर्षांत बरेचसे खाणकामगार पुढे निघून गेले. १८६६ पासून ओटागोत आलेल्या चिनी कामगारांनी आधीच्यांनी सोडून दिलेल्या जागा आणि टाकलेली खडी पुन्हा धुतली आणि त्यावर पोट भरलं. त्यांच्या छोट्या दगडी घरांचे अवशेष ॲरोटाउनला आजही बघायला मिळतात. ते बघताना मला नेहमी वाटतं की बाहेर पडलेला माल तपासण्याचं महत्त्व या लोकांइतकं कोणालाच कळलं नसेल.

तपासणी ३: आडवी पातळी

बॉक्स डावी-उजवीकडे कललेला असेल तर पाणी एका बाजूने पळतं. त्या बाजूला भोवरा माजतो, दुसऱ्या बाजूला मरतो. एकाच बॉक्समध्ये दोन्ही दोष दिसले तर कारण बहुधा हेच. गवंड्याची पाणसळ आडवी ठेवा किंवा मोबाइलमधलं पातळीचं ॲप वापरा. खाली चपटे दगड सारून बॉक्स सरळ करा. तासाभराने पुन्हा बघा, कारण वाळू खालून धुपते आणि बॉक्स हळूहळू कलतो.

तपासणी ४: उतार

सुरुवातीला दर मीटरला साधारण ८ सेंटिमीटर उतार ठेवा. अंशात मोजलं तर साडेचार ते पाच. मग पाणी बघून बदला. रिफल वाळूने गच्च भरत असतील तर वरचं टोक एकेक सेंटिमीटर उचला. मॅट धुतलं जात असेल तर खाली आणा. प्रवाह मुळातच जोरदार असेल तर ८ सेंटिमीटरसुद्धा जास्त होतात.

डोळ्यांनी ओळखायची खूण अशी: प्रत्येक रिफलच्या वर पाण्याची एक ठळक, एकसारखी लाट उभी राहिली पाहिजे आणि मागच्या कप्प्यात वाळू नाचताना दिसली पाहिजे. पाण्याचा पृष्ठभाग काचेसारखा सपाट दिसला तर भोवरे मेले आहेत. सगळा पांढरा फेस दिसला तर माजले आहेत.

तपासणी ५: पाणी किती?

मूठभर खडी वरच्या टोकाला टाका. पाच-दहा सेकंदांत मोठे खडे बाहेर पडले आणि कप्प्यात थोडी वाळू उरली तर पाणी बरोबर आहे. खडे मध्येच अडले तर पाणी कमी आहे. दगडांची तिरकी रांग लावून प्रवाह बॉक्सच्या तोंडाशी वळवा. तोंडाशी पत्र्याचे दोन पंख लावले तरी पाणी वाढतं. पाणी जास्त असेल तर बॉक्स काठाकडे सरकवा किंवा बॉक्सच्या तोंडापुढे प्रवाहात एक मोठा दगड ठेवून जोर मोडा. बॉक्सचं खालचं टोक पाण्यात खोल बुडालेलं नाही ना, तेही बघा. ते बुडालं की पाणी तुंबतं आणि शेवटचे रिफल झोपतात.

बर्फ वितळण्याच्या दिवसांत, म्हणजे इथल्या वसंतात, सकाळी बसवलेला बॉक्स दुपारी वेगळ्याच पाण्यात उभा असतो. जेवणानंतर उतार आणि पाणी पुन्हा तपासा.

तपासणी ६: माती टाकण्याची पद्धत

उत्साहाच्या भरात फावडंभर माती एकदम टाकली की सगळे भोवरे एका क्षणात बुजतात. ते पुन्हा उघडेपर्यंत वरून जे काही जातं ते थेट नदीत. छोट्या खुरप्याने थोडं थोडं टाका, आधीचं निघून गेल्यावरच पुढचं.

त्याहून महत्त्वाची चाळणी. १२ मिलिमीटरच्या जाळीतून चाळलेलीच माती टाका. बारीक सोनं असेल तर ६ मिलिमीटरची घ्या. मोठा दगड जायचा तर पाणी जोरात लागतं आणि बारीक सोनं राहायचं तर पाणी सौम्य लागतं. दोन्ही एका बॉक्समध्ये साधत नाही. चाळल्यावर फक्त सौम्य पाणी पुरतं. बागकामाच्या दुकानातली साधी चाळणी चालते. घरगुती स्लूसवर एकच खर्च करायचा असेल तर तो हा करा.

शिस्टचा एक खास त्रास सांगतो. त्याचे तुकडे चपटे असतात. ते रिफलच्या मागे उभे घुसून पाचर मारल्यासारखे बसतात आणि तेवढ्या कप्प्यातला भोवरा बंद पाडतात. चाळूनही काही येतातच. दर थोड्या वेळाने हाताने उपटून काढा.

आणि चिकणमाती. नदीच्या जुन्या, उंचावर राहिलेल्या काठांवरच्या मातीत तिचे गोळे असतात. असा गोळा स्लूसमधून घरंगळत जाताना वाटेतले सोन्याचे कण स्वतःला चिकटवून घेतो आणि बाहेर पडतो. म्हणजे तो नुसतं आपलं सोनं नेत नाही, तुमचं बसलेलंही नेतो. गोळे बादलीत पाण्यात चुरून, पूर्ण विरघळवून मगच माल टाका. नदीच्या पाण्यात हे कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

तपासणी ७: तेल

पिठासारखं बारीक सोनं कोरडं किंवा तेलकट असलं की पाण्याच्या पृष्ठताणावर तरंगतं. इथलं ऊन कडक, म्हणून सगळे सनस्क्रीन लावतात आणि त्याच हातांनी माती चाळतात. प्लास्टिकच्या नव्या पॅनवरही तेलकट थर असतो. हात, पॅन आणि बॉक्स घरीच भांड्यांच्या साबणाने नीट धुऊन आणा. माती टाकण्याआधी बादलीत पूर्ण भिजवा. साबण नदीत टाकायचा नाही. शेवटची बारीक धुलाई घरी टबमध्ये कराल तेव्हा त्या पाण्यात एक थेंब पुरतो.

तपासणी ८: साफ करायला उशीर होतोय का?

तांबूस गार्नेट आणि काळी वाळू सामान्य वाळूपेक्षा जड असतात. त्यांनी कप्पे भरले की सोन्याला खाली जायला जागा राहत नाही. बॉक्सच्या वरच्या एक-तृतीयांश भागात रिफल अर्ध्याहून जास्त भरले की थांबा आणि मॅट धुवा. साफ करतानाही बरंच सोनं जातं. आधी स्वच्छ पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग प्रवाह दगडाने अडवा, बॉक्स आडवा धरून उचला आणि मोठ्या टबमध्ये ठेवूनच रिफल सोडा. पाण्यातल्या पाण्यात बॉक्स तिरका केला की सकाळपासूनचे कष्ट नदीला परत गेले.

तपासणी ९: मॅटखालचं पाणी

आता पान्हा काढायला हरकत नाही. मॅटखाली वाळू मिळत असेल तर पाणी मॅटच्या वरून आणि खालून असं दोन्हीकडून वाहतंय. खालून गेलेलं बारीक सोनं कुठेच थांबत नाही. मॅटची वरची कड पत्र्याच्या पट्टीखाली दाबून बसवा. बाजूच्या कडा बॉक्सच्या भिंतींना टेकल्या पाहिजेत. मॅट मिलिमीटरभर मोठं कापून दाबून बसवलेलं बरं. रिफलची चौकट मॅटवर घट्ट दाबली गेली पाहिजे. ती सैल असेल तर लाकडी पाचरी मारा. प्लायवूडचा बॉक्स पहिल्याच मोसमात फुगतो आणि वाळल्यावर आकसतो, त्यामुळे मागच्या वर्षी घट्ट असलेली चौकट यंदा हलते. कडा रंगवून बंद केल्या असतील तर हा त्रास बराच कमी होतो.

मॅट कोणतं? वरच्या टोकाला एक वीतभर खोबणीदार रबराचं मॅट ठेवा. त्यावर सोनं आलं की लगेच दिसतं, म्हणजे दिवस फुकट जाण्याआधी इशारा मिळतो. तिथून खालच्या टोकापर्यंत गुंतागुंतीच्या धाग्यांचं, पायपुसण्यासारखं मॅट. घरातल्या गालिच्याचा तुकडा वापरू नका, त्याच्या घट्ट विणीतून सोनं धुऊन काढणं फार जिकिरीचं होतं.

तपासणी १०: रिफल आणि शिशाची चाचणी

इथवर येऊनही सोनं जात असेल तरच रिफलांकडे वळा. कोनाच्या (एल आकाराच्या) पट्टीचे रिफल असतील तर वरचा ओठ पाणी जाण्याच्या दिशेला हवा. उलटे बसले तर ते खडी पकडणारे हुक होतात. विस्तारित जाळी, म्हणजे पत्रा चिरून ताणून बनवलेली जाळी, वापरली असेल तर तीही दोन्ही बाजूंनी बसते, दिसायला फरक जाणवत नाही, काम मात्र सारखं होत नाही.

योग्य बाजू ठरवायला घरामागच्या अंगणात चाचणी घ्या, नदीवर नको. मासेमारीच्या शिशाचे जुने बारीक मणी हातोडीने चपटे करा, दहा तुकडे मोजून घ्या, वाळूत मिसळा आणि टबच्या पाण्यावर स्लूस चालवून त्यातून सोडा. शिशाची घनता ११.३, म्हणजे सोन्याहून बरीच कमी. शिसं पहिल्या तीन-चार रिफलांत थांबलं तर त्याच आकाराचं सोनं नक्की थांबेल. शिसं खाली पसरलं तर रिफल फिरवा, अंतर बदला, पुन्हा चाचणी घ्या. दहाही तुकडे परत मोजून घ्या आणि हात साबणाने धुवा. शिसं विषारी असतं, ते मातीत किंवा पाण्यात सोडायचं नाही. लहान मुलांना या चाचणीपासून दूर ठेवा.

थांबा आणि जाणकाराला बोलवा

ॲल्युमिनियमचा बॉक्स पिळवटला असेल किंवा त्याचा सांधा फाटला असेल तर पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे द्या. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग घरच्या साध्या यंत्राने नीट होत नाही. पिळवटलेल्या बॉक्सची पातळी कितीही दगड लावले तरी जुळत नाही, म्हणून त्यावर दुसरे उपाय करत बसू नका.

मॅटमध्ये चंदेरी, मऊ, एकमेकांना चिकटणारे गोळे किंवा पांढरट झालेलं सोनं दिसलं तर तो पारा असू शकतो. जुन्या काळी खाणकामगार स्लूसमध्ये सोनं पकडायला पारा वापरत, तो काही नद्यांच्या तळाशी अजून आहे. असा माल तापवायचा नाही, ॲसिडमध्ये टाकायचा नाही, उघड्या हाताने हाताळायचा नाही. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही आणि ती फुप्फुसांतून मेंदूपर्यंत जाते. झाकण असलेल्या काचेच्या बाटलीत, वर पाणी ठेवून, बंद करा आणि घातक कचरा घेणाऱ्या स्थानिक यंत्रणेला फोन करा. त्यात कितीही सोनं असलं तरी.

जुनी भुयारं किंवा विहिरीसारखे खड्डे दिसले तर आत जाऊ नका. पाणी गढूळ होऊन वाढायला लागलं तर बॉक्स सोडून काठावर या.

कायद्याबाबत शंका असेल तर फावडं मारण्याआधी विचारा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सोनं शोधण्यासाठी सार्वजनिक क्षेत्रं नेमून दिलेली आहेत. ॲरो नदीचा काही भाग त्यात येतो, सगळी नदी नाही. तिथे इंजिन नसलेली हाताची साधनं विनापरवाना वापरता येतात आणि मिळालेलं सोनं तुमचं. पंप लावला की हा नियम लागू होत नाही. त्या क्षेत्राबाहेर परवाना लागतो, जमिनीच्या मालकाची संमतीही. भारतातल्या नद्यांवर हा प्रयोग करू नका. तिथे सोनं १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याखाली येतं.

एका नदीतून दुसऱ्या नदीवर जाताना बॉक्स, मॅट आणि बूट तपासा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडे करा आणि कोरडे झाल्यावर आणखी किमान ४८ तास तसेच राहू द्या. २००४ साली साउथलंडच्या वायाउ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं आणि ते दक्षिण बेटावरच्या अनेक नद्यांत पसरलं. ओलसर मॅट हे त्याच्यासाठी अगदी सोयीचं वाहन आहे. मॅट जाड असल्याने आतून कोरडं व्हायला बाहेरच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे लक्षात घेऊन पुढच्या नदीचा बेत आखा.